तेलाचा डबा कधी फोडला?

"मॅडम, मी माळकरी माणूस. अंड्याच्या वाटेलासुद्धा कधी गेलो नाही. मग हे मला का झालं?"

काका पंढरपूरच्या बाजूचे, वय ५२. दोन दिवसांपूर्वी स्टेंट पडलेला, मनगटाला पट्टी, गळ्यात तुळशीची माळ. तक्रार माझ्याकडे चालली असली तरी रोख थेट विठोबाकडे होता. शेजारी काकू डिस्चार्जची फाईल छातीशी धरून उभ्या होत्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात तेलाचा डबा किती दिवस जातो?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्यांना ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"पंधरा किलोचा आणतो," काकू म्हणाल्या. "दीड महिना जातो. सणवार आला, पाहुणे आले, की त्याच्या आधीच."

"माणसं किती?"

"पाच."

मी कागदावर भागाकार मांडला. १५ हजार ग्रॅम, ४५ दिवस, ५ माणसं. माणशी रोज ६६ ग्रॅम. म्हणजे पोह्याचे सहा-सात मोठे चमचे भरून तेल, रोज, प्रत्येकाच्या पोटात. शिवाय तूप वेगळं, शेंगदाण्याचं कूट वेगळं, चहाबरोबरची खारी वेगळी. आणि महिन्यातून दोन एकादश्या. त्या दिवशी काय करता, असं विचारल्यावर काकूच हसल्या. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा तळलेला कीस, दाण्याची आमटी, वर तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

सोलापुरात हृदयविभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागले त्याला आता १७ वर्षं होतील. 'मी शाकाहारी आहे, तरीही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याची गंमत वाटेनाशी झालीय. मटण खाणारा माणूस निदान मनात कुठेतरी कबुली देऊन आलेला असतो. शाकाहारी माणूस फसवला गेल्यासारखा येतो. त्याला सांगावं लागतं की शाकाहारी ही ओळख झाली, आहार नव्हे. वनस्पती तूप वनस्पतीपासूनच होतं. पामतेलसुद्धा झाडाचंच, आणि त्यातला निम्मा भाग संपृक्त स्निग्धांशाचा. शंकरपाळी, शेव, बालुशाही यांतलं काहीही कोणत्या प्राण्याला मारून करत नाहीत.

डब्याचा हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही. पहिली चार-पाच वर्षं मी कागद वाटत होते. छापील तक्ता, सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोलीचं सॅलड, स्वयंपाकाला ऑलिव्ह ऑइल. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या राशी पाहत वाढलेल्या माणसाला मी ओट्स सांगत होते. आणि तो कागद देत होते काकांच्या हातात, ज्यांनी जन्मात चहाचं आधण ठेवलेलं नाही. एकदा बार्शीकडच्या एक मावशी पुन्हा तपासणीला आल्या, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी जवसाची चटणी आणली होती. पुडी सोडली तर कागद ओळखीचा वाटला. माझाच तक्ता होता. चटणी फार चांगली झाली होती. त्या तक्त्याचा त्याहून चांगला उपयोग तोवर कोणी केला नव्हता.

त्याच सुमारास विभागातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' वाचायला दिलं. मराठी घरांत हे पुस्तक पुष्कळ ठिकाणी असतं, बरेचदा कोणीतरी आजारी पडल्यावर भेट म्हणून आलेलं. गडचिरोलीत दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी राबणाऱ्या डॉक्टरला १९९५ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका येतो आणि तो स्वतःच्याच जगण्याची तपासणी करायला बसतो. त्या पुस्तकातून मी डीन ऑर्निशपर्यंत पोचले, आणि मग मूळ शोधनिबंध मिळवून वाचले.

ऑर्निश हे अमेरिकन डॉक्टर. त्यांचा १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला प्रयोग लहानसाच, ४८ रुग्णांचा. २८ जणांना कडक शाकाहार दिला. दिवसभराच्या उष्मांकांपैकी जेमतेम १० टक्के स्निग्धांशातून, प्राणिजन्य काय ते अंड्यातला पांढरा भाग आणि कपभर साय काढलेलं दूध किंवा दही. धूम्रपान बंद, रोजचं चालणं, योगासनं-ध्यान, आणि आठवड्यातून दोनदा एकत्र बसून बोलणं. उरलेल्या २० जणांना नेहमीचे उपचार. वर्षाने दोन्ही गटांची अँजिओग्राफी पुन्हा केली. पहिल्या गटात रक्तवाहिन्यांचं अरुंदपण सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आलं, दुसऱ्यात ४२.७ वरून ४६.१ वर गेलं.

हे आकडे मी रुग्णांना सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. एवढंच? वर्षभर तेल सोडून दोन टक्के? आमच्या शेजारच्याने तर सांगितलं की अमुक काढा घेतला आणि ९० टक्के ब्लॉकेज गेलं! 'रिव्हर्सल' या शब्दाने फार घोळ घातलाय. लोकांना वाटतं, तुंबलेलं गटार मोकळं करावं तशी नळी धुऊन निघते. तशी ती निघत नाही. पण त्याच प्रयोगातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पहिल्या गटात छातीतल्या कळांचं प्रमाण ९१ टक्क्यांनी घटलं. पाच वर्षांनी मोजलं, तेव्हा त्या २८ जणांत मिळून हृदयाच्या २५ दुर्घटना झाल्या होत्या, तर दुसऱ्या २० जणांत ४५. नळी थोडीच रुंदावली, पण माणूस पुष्कळ सावरला.

याचं कारण मी कागदावर भाकरीचं चित्र काढून समजावते. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली मऊ चरबीचा साठा असतो आणि त्यावर पापुद्रा. झटका येतो तो अनेकदा पापुद्रा फुटल्यामुळे. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि वाट एकाएकी बंद होते. असा फुटणारा साठा मोठाच असतो असं नाही. कमी अडथळ्याची जागाही दगा देते. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, खाली आलं, की साठ्यातली चरबी आणि सूज कमी होते आणि पापुद्रा जाड, चिवट होतो. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यामुळे नळी गरजेप्रमाणे सैल होते. तेही काम सुधारतं. कळा कमी होतात त्या यामुळे. डाळी-कडधान्यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. हुलग्याचं माडगं पिणाऱ्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तिचं काही अडलंही नाही.

दुसरं नाव कॉल्डवेल एसेलस्टिन यांचं. क्लीव्हलँड क्लिनिकमधले शल्यविशारद. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवलेला माणूस, त्यामुळे शिस्तीच्या बाबतीत अंमळ निर्दय. त्यांनी १९८५ मध्ये काम सुरू केलं. तेल थेंबभर नाही, दूध-दही नाही, दाणे-काजू नाहीत, आणि दिवसातून सहा वेळा मूठभर शिजवलेली पालेभाजी. २०१४ साली त्यांनी १९८ जणांची नोंद प्रसिद्ध केली. पथ्य पाळणारे १७७, त्यांच्यात पुन्हा उद्भवलेल्या आजाराने मोठी दुर्घटना एकच. न पाळणारे २१, त्यांच्यातल्या १३ जणांना त्रास झाला.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यात एक मेख आहे. तुलनेला वेगळा गट नव्हता, आणि पथ्य पाळणारा माणूस मुळात गोळ्याही वेळेवर घेणारा, सांगितलं ते ऐकणारा असतो. ऑर्निशच्या प्रयोगातही श्रेय एकट्या जेवणाला देता येत नाही. त्यात तंबाखू सुटली होती, पाय चालत होते आणि माणसं एकमेकांशी बोलत होती. म्हणून 'फक्त आहाराने हृदयरोग बरा' अशी पाटी लावलेली दुकानं पाहिली की माझं डोकं उठतं. झटका आलेला असताना स्टेंट जीव वाचवतो. त्यानंतरच्या गोळ्या बंद करून डाळ-पालेभाजीचा गरगट्टा खात बसायचं नसतं.

तर मग या अमेरिकन पथ्याचं सोलापुरी घरात काय करायचं? १८०० उष्मांक खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे दिवसाला सगळं मिळून २० ग्रॅम स्निग्धांश. ज्वारी, डाळ, ताक यांतलं मुळातलं धरून. मूठभर शेंगदाण्यांतच १५ ग्रॅम निघतं. शेंगाची चटणी सोडा असं सोलापूरच्या माणसाला सांगणारी बाई मी व्हायचं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. नाही व्हायचं, असं ठरवलं. दाणे खा, चमचाभर, पण मग त्या जेवणात तेल नको. एसेलस्टिनना हे अजिबात चाललं नसतं. त्यांना माझ्या ओपीडीत बसायचं नाही.

कागद वाटणं बंद केलं आणि शनिवारी सकाळी कँटीनच्या मागच्या कोपऱ्यात शेगडी मांडली. साहित्य माझं, भांडी कँटीनची, आणि बोलवायचं रुग्णांना नाही, घरात रांधणाऱ्यांना. बायका, सुना, एकदा एक आचारी मुलगाही आला होता.

त्या माळकरी काकांच्या काकू पहिल्या शनिवारी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. मी लोखंडी कढई तापवली. तापली हे कसं कळतं? पाण्याचा थेंब टाकला की तो मण्यासारखा पळतो. कोरडीच मोहरी टाकून झाकण ठेवलं. तडतडली. मग जिरं, मग बारीक चिरलेला कांदा. कांदा कोरडा पडला की तळाला धरतो, त्या क्षणी हात मागे घ्यायचा नाही. दोन चमचे पाणी शिंपडायचं, चर्र होतं, उलथन्याने खरवडायचं, आणि सुटलेला तो तांबूस रंग कांद्यालाच परत लागतो. पाणी आटलं की पुन्हा दोन चमचे. असं चार-पाच वेळा, सात-आठ मिनिटं. घाईने पेलाभर पाणी ओतलं तर कांदा उकडला जातो आणि सगळंच बिघडतं. लसूण सालीसकट तव्यावर भाजून मग ठेचायचा. त्यात पालक, चुका, तूरडाळ, हिरवी मिरची शिजवून घोटलेली. गरगट्टा झाला.

काकूंनी बोट लावून चाखलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आळणी नाही लागत. पण परकं लागतंय."

इतकं नेमकं मला कुठल्याच आहारशास्त्राच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. चव होती, ओळख नव्हती. मी विचारलं, काय कमी वाटतं? तर त्या तेल म्हणाल्या नाहीत. "तवंग नाही," म्हणाल्या. "पाहुण्याच्या ताटात असं वाढलं, तर त्याला वाटंल, हिनं हात आखडला."

आमच्याकडे तेल म्हणजे मान असतो. ज्या पिढीने घाण्याचं तेल पळीपळीने पुरवलं, तिला आमटीवर लाल तवंग येणं म्हणजे घर वर आल्याची खूण होती. तो तवंग मी काढून घ्यायला निघाले होते, आणि तोही ज्या घरात नुकतंच मरण येऊन परत गेलं होतं, त्या घरातून. हे उमगल्यावर मी 'तेल वाईट' म्हणायचं सोडलं. काकूंनाच विचारलं, तुम्ही काय कराल? पुढच्या शनिवारी त्या घरून डबा घेऊन आल्या. लाल मिरच्या निखाऱ्यावर भाजून, लसणाबरोबर वाटून, गरगट्ट्यात घातल्या होत्या, वरून चिंचेचा कोळ आणि चमचाभर जवसाचं कूट. कूट विरघळून वर बारीक तांबूस चकाकी आली होती. सगळ्या बायकांनी वाटी पुढे केली. त्यानंतर शनिवारची शेगडी काकूच चालवत, मी नुसतं मोजमाप लिहून घ्यायची.

हुलग्याचे शेंगोळे बिनतेलाचे जमायला तीन शनिवार गेले. कणकेत तेल नसेल तर ते रश्शात फुटतात. शेवटी एका सुनेने हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ घालून गरम पाण्याने मळलं, तेव्हा टिकले.

आता माझी एक चूक सांगते. सुटसुटीत म्हणून मी मराठीत अर्ध्या पानाची टिपणी करून दिली होती, 'रोज दोन वाट्या पालेभाजी' ही त्यातली पहिली ओळ. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. तो एका लेकीने आपल्या आईला पाठवला. आईचं दुखणं ब्लॉकेजचं नव्हतं, तिची हृदयाची झडप बदललेली, धातूची. अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर असते, आणि त्यातल्या जुन्या, नेहमीच्या गोळ्या जीवनसत्त्व 'के'च्या विरुद्ध काम करतात. पालेभाजीत तेच भरपूर. माउलीने एकदम रोज मेथी, पालक, शेपू सुरू केलं. महिन्याच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचं माप, १.४ निघाला. तो अडीचच्या वर हवा होता. झडपेवर गुठळी धरायच्या आत सापडलं, डोस वाढवला, निभावलं. पालेभाजी त्यांना वर्ज्य नव्हती, रोज सारख्याच मापाची हवी होती. हे माझ्या टिपणीत कुठेच नव्हतं. आता पहिली ओळ वेगळी आहे: 'कोणत्या गोळ्या चालू आहेत ते मला दाखवल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका.' मूत्रपिंडं अधू असलेल्यांसाठी शहाळं आणि केळी यांची ओळही तिथेच आली, कारण पोटॅशियम साठतं.

आणि बी-१२. दूधही सोडणाऱ्याला ते गोळीतूनच घ्यावं लागतं, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे दूध पिणाऱ्यांतही ते कमी सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातले पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. त्यामुळे रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर मी ते लिहायला लावतेच.

काकांचं पुढे काय झालं, हे विचारणार याची कल्पना आहे. पहिले दोन महिने त्यांनी तेलाचा थेंब घेतला नाही, तिसऱ्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात जिलेबी आणि भजी यथेच्छ खाल्ली, आणि मग 'आता मोडलंच आहे' म्हणून महिनाभर सगळंच सुरू. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी. हा स्वभाव कोलेस्टेरॉलपेक्षा अवघड आहे. चौथ्या महिन्यात काकूंनी सूत्रं हातात घेतली. वेगळा स्वयंपाक बंद, पाचही जणांना एकच भाजी. हे झालं आणि गाडी रुळावर आली. ज्या घरात रुग्णाची आमटी निराळ्या पातेल्यात शिजते, तिथे पथ्य फार दिवस टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

वर्षाने आले तेव्हा त्यांचं एलडीएल निम्म्याहून खाली होतं. गोळीचा वाटा किती आणि काकूंचा किती, हे मला सांगता येणार नाही. तंबाखूची डबी खिशात नव्हती, त्याचाही वाटा असेलच. आधी जिना चढताना छाती धरायची, आता डॉक्टरांच्या परवानगीने वाखरीपासून पंढरपूरपर्यंत वारीत चालून आले होते.

"मॅडम, ब्लॉकेज गेलं असंल का हो?" त्यांनी विचारलं.

त्रास नसताना निव्वळ कुतूहलापोटी पुन्हा अँजिओग्राफी करत नाहीत, असं मी सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. स्टेंटचा खर्च सरकारी योजनेतून झाला होता, मग हाही होईल असं त्यांना वाटत होतं. योजनेत स्टेंट बसतो. शनिवारची शेगडी बसत नाही. तिचा गॅस अजून मीच भरते, आणि ज्वारीचं पीठ काकू आणतात.

निघताना काकूंनी स्वतःहून हिशोब दिला. डबा आता सव्वाचार महिने पुरतो. मी भागाकार केला. माणशी २३ ग्रॅम. ऑर्निशच्या मापाने अजून जास्तच. मी काही बोलले नाही.

तुमच्या घरी पुढचा तेलाचा डबा किंवा पिशवी फोडाल, तेव्हा त्यावर पेनाने तारीख घाला. संपेल त्या दिवशी घरातली माणसं आणि दिवस यांनी भागा. आणि तो आकडा, जो स्वयंपाक करतो त्याच्याशी बोलल्याशिवाय, कोणालाही सुनावू नका.